नाक्यावरची पंगत

“बोलणी, बोलणी, बोलणी! मास्तर, तुमच्या बोलण्यांनी खाटकाच्या दारातून एक बकरं तरी सुटलंय का आजवर?”

तुळजाराम सुभेदारांनी चहाचा पितळी पेला दगडावर असा आदळला, की आमराईतले कावळे उडाले. रंगनाथ मास्तरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. मास्तर चिडले की चष्मा पुसायचे. ओरडणं त्यांना जमतच नसे.

“आणि तुमच्या बंदुकीनं काय होईल, सुभेदार? पहिला बार झाला की आतले शिपाई आधी शिवालाच उडवतील. मग नाका घेऊन काय त्याच्या चितेला लावायचा?”

शिवा म्हणजे माझा थोरला भाऊ. मी मन्मथ. तेव्हा विशीत होतो आणि हातात नवीकोरी थ्री-नॉट-थ्री आल्यापासून जमिनीवर पाय ठरत नव्हते माझे.

अठ्ठेचाळीसचा उन्हाळा होता तो. देशाला स्वातंत्र्य मिळालं होतं खरं, पण ते आमच्या ओढ्याच्या अलीकडच्या काठापर्यंत येऊन थांबलं होतं. पलीकडं निजामाची मोगलाई, आणि आमचं देवसडी गाव नेमकं पलीकडं. रझाकारांचा जाच सोसेना तेव्हा निम्मं गाव चूलबोळकी उचलून ओढा ओलांडून या आमराईत येऊन राहिलं. त्यातल्याच पोरांचा हा कॅम्प. मास्तर त्याचे प्रमुख आणि सुभेदार आम्हाला बंदूक शिकवायला. सुभेदार ब्रह्मदेशात जपान्यांशी लढून आलेले, त्यामुळं त्यांच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी ब्रह्मदेश यायचाच. तिकडं दिल्ली आणि हैदराबादची बोलणी चालली होती, जैसे थे करार झाला होता आणि मास्तरांना रोज वरून निरोप यायचा, कळ काढा. मास्तर कळ काढायचे. सुभेदार दात खायचे.

आदल्या दिवशी दादा देवसडीत मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांना औषध पोचवून परत येत होता आणि ओढ्यापलीकडच्या नाक्यावर सापडला. त्याला तिथल्या कोठीत कोंडलं होतं. उद्या तालुक्याहून लॉरी येणार आणि त्याला नेणार, ही खबर पक्की होती. लॉरीतून नेलेला माणूस परत आलेला आम्ही कुणीच पाहिला नव्हता.

“कलेक्टरकडं माणूस धाडलाय मी,” मास्तर म्हणाले. “ते हैदराबादला कळवतील, तिथून—”

“तिथून सुतकाची तार येईल!” सुभेदार म्हणाले. “दुपारी शिपाई जेवायला बसतात. त्याच वेळी नाका मारायचा. मन्मथ माझ्याबरोबर. याचा नेम बरा आहे.”

माझी छाती फुगली. खरं सांगायचं तर दादाची काळजी खात होती आणि त्याच वेळी आनंदही झाला होता. दोन्ही एकदम होतं बघा माणसाला, विशीत.

शेजारच्या झाडाखाली आमची आई, नीलाक्का, पाट्यावर पुरण वाटत होती. सकाळपासून तिचं तेच चाललेलं. पोरगं कोठीत अडकलंय आणि ही बाई पुरण घालतीय, म्हणून बायका कुजबुजत होत्या. मलाही राग आलेला. तिनं हात न थांबवता विचारलं, “नाक्यावरचा जमादार कोन हाय म्हनं?”

“दस्तगीर,” मी म्हणालो. “तुला काय करायचंय?”

“म्हंजी आपला जावई की! आपल्या लाडलेसाबची जैनब त्याला दिलीया.”

लाडलेसाब मणियार आमच्या गावचे बांगड्यावाले. गाव इकडं आलं तसे तेही आपली बांगड्यांची पेटी घेऊन आमच्याबरोबर आले. तुम्हाला कोण काय करणार होतं, तुम्ही का आलात, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, “सगळी मनगटं हिकडं आल्यावर मी तिकडं झाडाला बांगड्या भरू का?” डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला, मुलगा नव्हताच, एकुलती एक जैनब.

“पोरीचे दिस भरत आलेत,” आई म्हणाली. “पयलं बाळंतपण माहेरी व्हायला पायजे का नको? लाडलेसाबला दिसत न्हाई म्हून गाव काय मेलं न्हाई. मी जाते तिला आनायला.”

सुभेदार आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की ती थट्टा करत नाही. “नीलाक्का, अहो तो निजामाचा नाका आहे! तिथं काय हळदीकुंकू आहे का?”

“नाका निजामाचा असंल. जावई आमचा हाय.”

मास्तरांनी चष्मा घातला. त्यांच्या चेहऱ्यावर कालपासून पहिल्यांदा जरा रक्त आलं. “जाऊ द्या त्यांना, सुभेदार. एक प्रयत्न.”

सुभेदारांनी मिशी ओढली. “जा. गाडी परत ओढ्यात उतरेपर्यंत मी थांबतो. त्यापुढं माझं मी बघीन. शिवा येवो न येवो, तो नाका मला हवा आहे.”

आईनं मान हलवली आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

ऊन चढलं तशी ती निघाली. गाडीत पुरणपोळ्यांची दुरडी, आमटीची कासंडी, तुपाचा तांब्या, खण आणि नारळ. गाडी हाकायला तिनं कुणालाच घेतलं नाही. कासरा हातात धरून बैलांच्या पुढं चालत गेली. मी आणि सुभेदार दुसऱ्या वाटेनं ओढा ओलांडून नाक्यासमोरच्या बांधावर घायपातांच्या आड पालथे पडलो. बाकीची पोरं मागच्या घळीत होती. माझ्या पहिल्या बाराची वाट बघत.

नाका म्हणजे काय, रस्त्यावर एक आडवा बांबू, दोन खोल्यांचं दगडी घर, मागं कोठी आणि पुढं एक डेरेदार लिंब. आई गाडी घेऊन थेट बांबूपाशी गेली. शिपायानं बंदूक आडवी धरली. तिनं ती हातानं बाजूला केली. अहो, मागीलदारी मधे आलेलं वासरू बाजूला सारावं, तशी! आणि गेली आत.

आत काय झालं ते जैनबनं पुढं इतक्यांदा सांगितलं, की मीच तिथं होतो असं वाटतं मला.

जैनब आईच्या गळ्यात पडून रडली. जमादार दारात अवघडून उभा. तिशीतला, उंच, लाजाळू माणूस. आईनं जैनबची खणानारळानं ओटी भरली आणि म्हणाली, “जावईबापू, लेकीला बाळंतपणाला न्यायला आले.”

“न्या ना, मावशी. मलाही हितं तिची काळजीच हाय,” दस्तगीर म्हणाला. “पण गाडी कोण हाकणार? मुराळी कुठं हाय तुमचा?”

लेकीला सासरहून आणायला माहेरचा जो भाऊ जातो, तो मुराळी. त्याच्याशिवाय लेक पाठवायची नाही, ही आमच्याकडची रीत. आणि आईला नेमका हाच प्रश्न हवा होता.

“मुराळी तुमच्या कोठीत हाय,” ती म्हणाली.

जमादाराचा हात कमरेच्या किल्ल्यांवर गेला. मग दस्तगीर म्हणाला, “मावशी, त्ये न्हाई जमायचं. उद्या लॉरी येनार हाय. माझी नोकरी तर जाईलच, मानही जाईल.”

“आन त्यो लॉरीत गेला तर माझा ल्योक जाईल. हे बगा, मी तुमच्यापासून काय लपवत न्हाई. समोरच्या बांधाआड आमची पोरं बसल्यात. बंदुका हायती. माझा धाकटाबी त्यात हाय. जैनब हितं राहिली तर तिच्याबी जिवाला घोर. मी तुमाला भ्या घालाय न्हाई आले. लेक न्यायला आले.”

जैनब नवऱ्याकडं बघत होती. दस्तगीरनं खिडकीतून बांधाकडं पाहिलं. मग कमरेच्या किल्ल्या काढल्या.

“मी कैदी सोडत न्हाई,” तो शिपायांना ऐकू जाईल असं म्हणाला. “मी बायकोला माहेरी धाडतोय. ह्यो तिचा भाऊ हाय.”

बांधावरून आम्हाला एवढंच दिसलं, की दादा दाढी वाढलेल्या चेहऱ्यानं डोळे मिचकावत बाहेर आला, जैनबला हात धरून गाडीत बसवलं आणि कासरा घेतला. शिपायानं बांबू वर केला. माझ्या तोंडून “दादा!” असं निघालंच, तर सुभेदारांनी माझं तोंड दाबलं. गाडी आमच्यासमोरून धूळ उडवत गेली आणि ओढ्यात उतरली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते घायपाताच्या नावावर खपवत होतो.

“शाब्बास, नीलाक्का,” सुभेदार पुटपुटले. मग लगेच, “पण बाई कुठं आहे?”

आई गाडीत नव्हती.

ती घरातून बाहेर आली. तिनं लिंबाखाली रस्त्याच्या कडेला पाणी शिंपडलं, पाट मांडला, पोती अंथरली आणि पत्रावळी टाकल्या. लेक नेताना जावयाला जेवू घातल्याशिवाय निघायचं नसतं, असं तिनं दस्तगीरला सांगितलं म्हणे. आणि आत नको, आत उकडतंय. बाहेर लिंबाखाली बसा. तो पाटावर बसला, बरोबर आमच्याकडं तोंड करून. त्याच्या शेजारी तिन्ही शिपाई. बंदुका भिंतीला टेकवलेल्या.

सुभेदार कोपरांवर उठले. “मन्मथ, बंदुका भिंतीला आणि माणसं पत्रावळीवर! अशी संधी मला सबंध ब्रह्मदेशात मिळाली नाही रे. जमादार तुझा. बाकी पोरं बघतील. आई जरा बाजूला झाली की ओढ.”

मी बंदूक खांद्याला लावली. दस्तगीरच्या खाकी सदऱ्याचं वरचं बटण मला दिसत होतं. हात थरथरत नव्हता, हे मला आजही आठवतं.

आई पोळी घेऊन आली आणि आम्हा दोघांच्या मधे उभी राहिली. मला तिच्या हिरव्या लुगड्याची पाठ तेवढी दिसायला लागली. ती पोळी वाढून आत गेली. मी नेम धरला. तोवर ती तूप घेऊन पुन्हा तिथंच.

“आई मधेमधे येतीय,” मी वैतागून म्हणालो.

“जाईल. दम धर.”

आणि मग सुरू झाला तिचा आग्रह. काय सांगू तुम्हाला! बांधापर्यंत ऐकू येत होतं. “एक घ्या की! तेवढ्यानं काय हुतंय? जावई मानसानं न्हाई म्हनू ने.” दस्तगीर पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरायचा आणि ही हातांच्या फटीतून पोळी सरकवायची. “माझ्या गळ्याची आन हाय तुमाला.” शिपायांनी कमरेचे पट्टे सैल केले. एक तर हात जोडून म्हणाला, “मावशी, रहम करा.” त्याच्यावरही तिनं आमटी ओतली. ती आत जायची, मी नेम धरायचा, ती बाहेर यायची. नेम, लुगडं, नेम, लुगडं. माझे डोळे शिणले.

सुभेदारांना पुरणाचा वास असह्य झाला असावा. त्यांच्या पोटात इतकं मोठ्यानं गुरगुरलं, की मला वाटलं पलीकडं ऐकू जाईल. त्या तसल्या वेळीही मला हसू फुटलं. सुभेदारांनी माझ्याकडं रागानं पाहिलं, आणि मग त्यांच्याही मिशीखाली काहीतरी हललं.

“भरल्या ताटावर माणूस मारायचा म्हणजे...” ते म्हणाले आणि माझी नळी हातानं खाली दाबली. “हात धुऊ दे त्याला. मग.”

हात धुतानाही आईच तांब्यातून पाणी ओतत होती, आमच्याकडं पाठ करून. मग तिनं दुरडी आवरली. दस्तगीर उठला, दुरडी तिच्या हातातून आपल्या हातात घेतली आणि तिच्याबरोबर चालायला लागला. बंदूक नाही, डोक्यावर टोपीही नाही. सासू परत निघाली तर शिवेपर्यंत पोचवायला जातात, तसा तो निघाला. बांबू ओलांडून ती दोघं आमच्यासमोरच्या रस्त्यावरून ओढ्याकडं गेली. आई बांधाच्या बाजूनं चालत होती. ओढ्याच्या काठावर त्यानं दुरडी तिच्या डोक्यावर दिली, वाकून पायाला हात लावला. ती उतरून दिसेनाशी झाली.

आणि मग तो परत फिरला. एकटा.

त्या रस्त्यावर एक झुडूपसुद्धा नव्हतं. तो आमच्यासमोरून गेला तेव्हा मला त्याच्या कपाळावरचा घाम दिसला. नंतर दिसली नुसती पाठ. तो सावकाश चालला होता. पोटभर जेवलेला माणूस चालतो तसा, असं तेव्हा मला वाटलं. एकदाही त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

“आता,” सुभेदार म्हणाले.

मी नेम धरला. मधे कुणीच नव्हतं. ना आई, ना दादा, ना ताट. मी त्या पाठीकडं बघत राहिलो. ती पाठ बांबूपर्यंत पोचायला खूप वेळ लागला. मग मी चापावरचं बोट काढून घेतलं आणि म्हणालो, “सुभेदार, मला नाही जमणार.”

मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. बंदूक त्यांच्याही हातात होती, नेम माझ्यापेक्षा चांगला होता. त्यांनी ती उचलली नाही. मिशीवरची धूळ झटकून म्हणाले, “मी कुठं जमव म्हटलं? मी आपलं ‘आता’ म्हणालो. आता चल, असं म्हणायचं होतं मला.”

शुद्ध थाप! पण त्या थापेसाठी मी त्या माणसाला आयुष्यभर मनातून दंडवत घालत आलोय. ब्रह्मदेशात लढून आलेल्या माणसानं विशीतल्या पोराची लाज आपल्या अंगावर घेतली, असं कुठं रोज घडत नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. लॉरी आली, कैदी नव्हता. दस्तगीरला मार पडला आणि नोकरीही गेली. तो सरळ ओढा ओलांडून आमराईत आला, तेव्हा जैनबला मुलगी झालेली होती आणि बाळाला पहिली अंघोळ आमच्या आईनं घातली होती. मास्तर म्हणाले, बघा, बोलण्यानं काम झालं. सुभेदार म्हणाले, बांधावर बंदुका नसत्या तर कोण बोललं असतं? दोघं मरेपर्यंत भांडले त्यावर आणि दोघांनी मरेपर्यंत एकमेकांच्या घरची दिवाळी चुकवली नाही. भाद्रपदात भारताची फौज आली आणि आम्ही देवसडीला परत गेलो. नंतरच्या वाईट दिवसांत, जेव्हा सूड घ्यायला माणसं हिंडत होती, तेव्हा दस्तगीर आमच्या घरात होता आणि दारात सुभेदार बंदूक घेऊन बसले होते. दस्तगीरनं सासऱ्याची पेटी चालवली. माझ्या लग्नात माझ्या बायकोला हिरवा चुडा त्यानंच भरला. पैसे घेतले नाहीत. वर मलाच म्हणाला, “नेम बरा हाय का अजून, मेव्हणं?”

त्या माणसाचं माझ्यावर ऋण आहे, आणि ते मी आनंदानं वागवतो. त्याच्या लेकीनं मला मामा म्हणून हाक मारली की आजही मला भरून येतं. ती हाक ऐकायला मिळाली नसती तर मी काय झालो असतो, ते मला ठाऊक आहे.

मला ताम्रपट मिळाला, त्या वर्षीची गोष्ट. सत्कार आटोपून घरी आलो तर आई अंगणात शेंगा फोडत बसली होती. पार वाकलेली, पण कान तिखट. गळ्यातला हार काढून मी तिच्या गळ्यात घातला. ती म्हणाली, “हे काय, मी काय बैल हाय पोळ्याचा?”

मी तिच्याजवळ बसलो. इतक्या वर्षांत जे विचारायचं धाडस झालं नव्हतं, ते विचारलं. “आई, तू वाढत होतीस तेव्हा मुद्दाम माझ्या नेमात येत होतीस ना?”

“मंग? पोळी काय पल्याडनं वाढता येत न्हवती?”

मला बांधावरचं माझंच बोलणं आठवलं. मी वैतागून म्हणालो होतो, आई मधेमधे येतीय. माझं बोट चापावर होतं आणि त्या बोटासमोर ती होती, सबंध दुपारभर.

“दस्तगीरला माहीत होतं?”

“म्हून तर ढेकर येईस्तोवर खाल्लं बिचाऱ्यानं.”

“आणि परत जाताना? तेव्हा तर तो एकटाच होता. तेव्हा तू कुठं होतीस?”

आईचे हात थांबले. शेंग तशीच बोटांत राहिली.

“मी म्हनले त्याला, पोचवाय येऊ नगा. त्यो म्हनला, मावशी, तुमी मधी हुबं राहून धाकट्याचा हात धरलाय. तसा धरलेला हात सुटतो कधीतरी. मला एकदा मोकळं जाऊ द्या त्याच्याम्होरनं.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “मी वढ्यात खाली बसले. दोनी कानांत बोटं घालून. किती येळ बसले द्येवाला ठावं. मंग भीत भीत बोटं काढली. पाखरं वरडत हुती. बार झाला न्हवता. तवा म्हनले, चला, माझी दोनी लेकरं सुटली.”